कोणाचं तरी असणं

पिंपळगाव राजा
३ एप्रिल २०२५

चि. सुचितास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तिकडे तू, गोपालराव, तुमचं बाळ आणि अन्नपूर्णाबाई खुशाल असाल.

आजच्या काळात ही बाई कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुझ्या आताच्या सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनीच, उचलला, माझा आवाज ओळखला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. इतकं गोड 'राँग नंबर' मी आजवर ऐकलं नव्हतं. मग गौसियाला गाठलं. आपल्या गल्लीतली बांगडीवाली गौसिया, तुझ्या दोन्ही लग्नांचे चुडे तिनेच भरले. रामनवमीच्या गर्दीत ती शेगावला बांगड्या घेऊन बसते. म्हणाली, "बाई, चिठ्ठी म्या डब्ब्याच्या बुडाशी ठेवतो. तुमच्या सुनेचा हात हातात आल्याबिगर काढत नाही. बाकी कोनी इचारलं तं मले वाचताच येत नाही." तिला चांगलं वाचता येतं. माझ्याच हाताखाली नववीपर्यंत शिकली आहे.

बातम्या सांगते. आमच्या ह्यांचा, म्हणजे तुझ्या मामाजींचा, गुडघा कुरकुरतो, पण ते कुरकुरत नाहीत. रोज शेतात जाऊन येतात. मी मे अखेरीला निवृत्त होते. मेमध्ये सुट्टी असते म्हणून शाळेने निरोप समारंभ आधीच उरकला आणि मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर शाळेच्या घंटेवर उठबस केलेल्या बाईला घड्याळ देणारी माणसं मला फार आवडतात. राखीची दहावी झाली. पेपर बरे गेले, इंग्रजीचा उत्तम. उंचीला तुझ्या वर गेली आहे, ते तू पाहिलंच.

पाहिलंच, असं लिहून गेले. आता त्यावरच येते.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी राखी घरी आलीच नाही. खामगावला गेली, तिथून शेगावची एसटी धरली आणि देवदर्शनही न करता सरळ तुझं दुकान विचारत आली. अकरावीला सायन्स घ्यावं की कॉमर्स, एवढंच आईला विचारायचं होतं असं ती म्हणते. एवढ्यासाठी कोणी घरी न सांगता जात नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. गल्ल्यावर तू होतीस, शेजारी अन्नपूर्णाबाई. त्यांनी विचारलं, "कोनाची व ही पोट्टी?" आणि तू म्हणालीस, "आमच्या जुन्या गावची हाये. दर्शनाले आली असंन." मग पेढ्यांचा पुडा हातात देऊन तू तिला रिक्षात बसवलंस.

तुझी अडचण मला ठाऊक नाही असं नाही. तुझा पाट ठरला तेव्हा अन्नपूर्णाबाईंची एकच अट होती, मागचं लेकरू मागच्या घरी. आपल्याकडचा रिवाजही तोच. विधवा सून पाट लावून दुसऱ्या घरी जाते ती अंधार पडल्यावर, मागच्या दाराने, वळून न पाहता. लेकरू ज्याच्या नावाचं त्याच्या घरी राहतं. आईला हाक मारू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. राखीच्या तोंडात तो मी घातला. माझा हर्षल विहिरीवरच्या मोटरपंपाचा शॉक लागून गेला, त्याच्यामागे तू तिशीच्या आत पांढरं कपाळ घेऊन बसू नयेस, यासाठी मी अख्ख्या भावकीशी भांडले होते. दुसरं लग्न मान्य करून घेतलं, तर बाकीचा रिवाज पाळावा लागणार, असं तेव्हा वाटलं. पण शेगावात चारचौघांत तुला बिनलेकराची म्हणून सांगितलं गेलं, हे मात्र मला आता कळलं. तेही राखीकडून, दुकान विचारताना तिने ते ऐकलं.

तिने हे आल्या आल्या सांगितलं नाही. पेढे देवापुढे ठेवले, हातपाय धुतले, जेवली. पुढे एका संध्याकाळी भाकरी थापताना, माझ्याकडे न पाहता सांगितलं. मला तुझा संताप आला, सुचिता. आणि खरं सांगते, त्या संतापाच्या आत कुठेतरी मला बरंही वाटलं. वाटलं, चला, आता ही पोर पक्की माझी झाली. आजी म्हणवून घेणाऱ्या बाईच्या मनात काय काय असतं, बघ.

मग तिने विचारलं, "आजी, 'बिलाँग'चा खरा अर्थ काय होते?"

जन्मभर शिकवलेला शब्द. दरवर्षी 'माझी ओळख' या निबंधात निम्मा वर्ग लिहितो, 'आय ॲम बिलाँगिंग टू फार्मर फॅमिली', आणि दरवर्षी मी ते लाल शाईने काटते. हे क्रियापद चालू काळात जात नाही रे बाबांनो. जेवण चालू असतं, भांडण चालू असतं. कोणाचं तरी असणं हे असं चालू-बंद होत नाही. वर्ग हसतो. राखीला मात्र मी परीक्षेपुरता अर्थ सांगितला. मालकीचं असणं. पेन कोणाचा, शेत कोणाचं.

"अन् माणसाले लावलं तं?"

म्हटलं, मग एखाद्या घरातलं, गावातलं, जमातीतलं असणं. शब्दकोशात आणखी एक अर्थ दिलेला असतो, जिथे असायला हवं तिथे असणं. ताट मांडणीवर, चप्पल दाराशी. त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून तो मी वर्गात कधी शिकवलाच नाही.

तिने हाताला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "पन आजी, या शब्दात मालक बोलतच नाही. 'ओन' म्हटलं का मालक बोलते, हे माहं हाये म्हनून. याच्यात थे वस्तूच सांगते, मी याची म्हनून. मंग माणूस असंन तं त्यालेच इचारा लागंन ना?"

मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली होती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. कागद संपत आला म्हणून. नाहीतर अजून गावच्या पाण्याच्या टँकरबद्दल लिहीत बसले असते.

राखीचं लग्न ठरलं आहे. अकितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. त्या दिवशी मुहूर्त काढायलाही कोणाकडे जावं लागत नाही. मुलगा मलकापूरकडचा, बी-बियाण्यांचं दुकान आहे, वय तिशीला टेकलेलं. राखीचं वय तुला मी सांगायला नको. ती शेगावला जाऊन आली ते गावाला कळलं, आणि गावाला कळलं म्हणजे "उत्तमरावची नात पयाली", पळून गेली, असं झालं. मामाजी म्हणाले, "माय गेली, आता पोरगी त्याच वाटेनं निंगाली. इज्जत घरात हाये तवरक देऊन टाकू. आमच्या घरची पोर हाये, आम्ही देऊ तिथं जाईन." मी म्हटलं, कायदा आहे. ते म्हणाले, "कायदा शाळेत शिकव." शाळेत मी जयमालाबाई असते, घरात नुसती बाई.

 राखीला साड्या दाखवल्या की जी पुढे असेल तिला हो म्हणते.

तू ये, सुचिता. अकितीच्या आत ये. मागच्या दाराने नको, दिवसाढवळ्या पुढच्या दाराने ये. मामाजी, त्यांचे थोरले भाऊ किसनराव आणि गावातली चार जाणती माणसं बैठकीत बसलेली असताना उभी राहा आणि म्हण, ही माझी पोर आहे, मी न्यायला आले. आईने चारचौघांत लेक मागितली तर नाही म्हणायची मामाजींची छाती होणार नाही. माझ्या शब्दाला त्या बैठकीत वजन नाही. मी दुसऱ्या घरून आलेली, पोर त्यांच्या रक्ताची. तुझ्या शब्दाला आहे. तिला शेगावात ठेवणं जमणार नसेल तर अकोल्याच्या वसतिगृहात घालू, खर्च माझ्याकडे. पण आधी मागायला ये. त्या पोरीला ते एकदा कानांनी ऐकू दे.

उत्तर गौसियाकडे तोंडी दिलंस तरी चालेल.

तू जिला आई म्हणायचीस ती,
जयमाला


बुलढाणा
४ मे २०२५

सुचिता,

आशीर्वाद. बुलढाण्यात हवा बरी आहे. बोथ्याचा घाट चढून वर आलं की खालचं ऊन विसरायला होतं म्हणतात. मला काही विसरायला झालं नाही. मी शालूबाईंकडे उतरले आहे. आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, आता इथे एकट्या राहतात. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. चहा दिला आणि कपाटातला एक खण मोकळा करून दिला.

लग्न झालं नाही. हे पहिलं सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

तू आली नाहीस. गौसियाने तुझा निरोप आणला होता, "बाई, तिनं चिठ्ठी वाचली, तोंडाले पदर लावला, अन् म्हने बघतो म्हना. बांगड्या काही भरल्या नाही." त्या 'बघतो' वर मी अख्खा एप्रिल काढला. दारात चप्पल वाजली की वाटायचं, तू. एकदा तर वीजबिल वाटणाऱ्याला मी "ये बाई" म्हटलं.

हळद लागून गेली होती. अकितीच्या सकाळी मांडवात सनईची टेप लावलेली, नवरदेवाची गाडी नांदुऱ्याच्या पुढे निघाल्याचा फोन आलेला, आणि दारात ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्ह्याच्या बालविकास खात्याच्या दोन बाया. मामाजींनी कागद पाहिला. मग मांडवात सगळीकडे नजर फिरवून विचारलं, "कोन केलं हे?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. किसनरावांनी त्यांच्या जुन्या वैऱ्याचं नाव घेतलं, तो बिचारा पंगतीसाठी पत्रावळ्या मोजत होता. मी चुलीपुढे पोळ्या लाटत होते, तशीच लाटत राहिले.

लहान मुलांच्या मदतीचा तो दहा-नऊ-आठ नंबर शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला होता, अक्षर नीट येईना म्हणून पेंटरशी भांडले होते. तोच लावला. पण आदल्या दिवसापर्यंत थांबून लावला, कारण तोवर मी तुझी वाट पाहत होते. आणि खरं तर मला भीतीही वाटत होती. आणखी थोडं आधी धीर केला असता तर तिच्या अंगाला हळद लागली नसती. पिवळ्या हातांनी ती त्या खात्याच्या जीपमध्ये बसली. मी भाकरी बांधून दिली होती, ती तिने घेतली नाही.

गाडी परत गेली, पाहुणे पांगले. आता जे सांगते ते गावातून तुझ्यापर्यंत आलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. अकितीला आपण गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतो, मातीची, वर आंबा, पुढे पुरणपोळी आणि रसाचं ताट. हर्षलची घागर दरवर्षी मी भरते. यंदा मामाजी स्वतः आंघोळ करून आले. घागर भरली, मांडली. मग मांडवात पाहुण्यांच्या पाण्यासाठी आणलेली एक कोरी घागर घेतली, तीही भरली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

किसनरावांनी विचारलं, "हे कोनाची?"

"राखीची," मामाजी म्हणाले. "बापाजवळ गेली असं समजा. आजपासून हे नाव या घरात नाही." आणि जिवंत पोरीच्या नावाने ओंजळीतलं पाणी सोडलं.

मी दारात उभी होते. त्या घरात माझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही, तू साक्षीला आहेस. मी पुढे गेले, ती दुसरी घागर उचलली आणि ओट्यावरून अंगणात आदळली. खापऱ्या मांडवाच्या खांबापर्यंत उडाल्या. म्हटलं, "माही नात जिती हाये. अन् थो नंबर म्या लावला." शाळेतली भाषा त्या वेळी आठवलीच नाही.

मामाजींनी हातही उगारला नाही. हर्षलच्या घागरीपुढचं ताट सरळ केलं आणि तिथेच मान घालून बसले. मला त्यांची कीवही आली, हे लपवत नाही. मुलगा गेल्यापासून त्या माणसाने एकच काम केलं आहे, जे उरलं ते मुठीत धरून ठेवायचं. मूठ आवळताना आत काय चिरडतंय हे त्यांना कळत नाही. मी पिशवी भरली. किसनराव म्हणाले, "बाई, मागच्या दारानं जाय, लोक पाहून राह्यले." मी पुढच्या दाराने निघाले. गौसिया स्टँडपर्यंत सोबत आली, माझी पिशवी तिच्या डोक्यावर.

शुक्रवारी राखीला कोणाकडे द्यायचं ते ठरवायला बालकल्याण समिती बसली. मला वाटलं होतं, आता काय अवघड आहे. मी जाईन, नात मागेन, ते देतील. तिथल्या मोठ्या मॅडमनी माझ्यापुढे लग्नाची पत्रिका ठेवली. निमंत्रक, सौ. जयमाला उत्तमराव. "ह्या तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. मग फोनवर साखरपुड्याचा फोटो दाखवला. राखीच्या कपाळाला कुंकू लावणारा हात माझा होता. हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. वाटलं होतं, तू येशील आणि मग ते कोणी आठवणार नाही. समितीचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्या घरात लग्न लागत होतं त्याच घरच्या बाईच्या हाती पोर कशी द्यायची?

मग आईचं नाव निघालं. गोपालराव आले होते, एकटेच. भला माणूस आहे, वर न पाहता बोलला. "तिची तब्येत बरी नाही. आमच्या घरात जमन असं नाही. तिचं काही म्हननं नाही." तुझं काही म्हणणं नाही, हे तू त्यांना सांगितलंस की त्यांनीच ठरवलं, मला माहीत नाही. राखी तिथेच बाकावर बसून ऐकत होती. हाताची हळद अजून निघाली नव्हती.

मॅडम तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. अगदी हळू विचारलं, "बाळा, तुला कोणाकडे जायचंय?"

राखी म्हणाली, "जिथं 'कोनाची व तू' असं कोनी इचारत नाही, तिथं."

 गोपालराव उठून बाहेर गेले. त्यांना रडू आलं होतं असं शिपाई म्हणाला. राखीला मुलींच्या बालगृहात ठेवलं आहे. जागा स्वच्छ आहे, बाया मायेच्या आहेत, माझी कोणतीही तक्रार नाही.

तुझी ओढाताण मला दिसते. तिथे तुला घर आहे, मुलगा आहे. त्या घराने बाहेर काढलं तर तू कुठली राहशील? तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित पेढ्यांचा पुडाच दिला असता. हे सगळं समजतं मला, आणि तरीही तुझा राग येतो. रात्री जेवताना येतो, सकाळी तोंड धुताना येतो. तो असताना तुला 'तुझी आई' असं लिहायला हात धजत नाही.

जयमाला


बुलढाणा
२९ जून २०२५

सुचिता,

राखी दहावीला शाळेत पहिली आली. गावात पेढे वाटले गेले नाहीत. मुख्याध्यापकांनी फोन करून माझंच अभिनंदन केलं आणि मग कोणाला पाठवायचं ते न कळून गुणपत्रिका माझ्याच पत्त्यावर पाठवली.

पत्ता म्हणजे शालूबाईंच्या घरामागची एक खोली. मी ती भाड्याने घेतली. निवृत्तीच्या सह्या करायला शाळेत जाऊन आले, पण घराकडे वळले नाही. मामाजी जेवायला किसनरावांकडे जातात असं ऐकलं. माझ्याबद्दल कोणी विचारलं की "माहेरी गेली" म्हणतात. माझं माहेर कधीच संपलं, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

गौसियाच्या तोंडी मी तुला निरोप पाठवला होता की दर रविवारी राखीची भेट होते, ती बरी आहे, हसते-बोलते. ते खोटं आहे. मी दर रविवारी जाते हे खरं. ती बाहेर येत नाही. तिथल्या ताई आत निरोप घेऊन जातात आणि परत येऊन नुसती मान हलवतात. मी ओसरीतल्या बाकावर बसून राहते आणि भेटीची वेळ संपली की उठते. डब्यात नेलेलं झणझणीत बेसन ताई आत पाठवतात. डबा धुऊन परत येतो. तो ती धुते की दुसरी कोणी, हे मी विचारलेलं नाही.

समितीकडे मी पुन्हा अर्ज केला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही आता वेगळ्या राहता, विचार करता येईल, पण मुलीची इच्छा हवी. मुलीने नाही म्हणून सांगितलं. मॅडमनी का असं विचारलं तर म्हणे, "आजीनंच कुंकू लावलं होतं."

फार लागलं मला ते. वाटलं, अगं, तुझ्यासाठी मी घर सोडलं, उतारवयात गॅसची एक शेगडी घेऊन संसार मांडला, हे तुला कोणी सांगत कसं नाही? ताईंकडून तसा निरोपही पाठवणार होते. मग माझीच मला शरम वाटली. मामाजींनी पोसली म्हणून ती त्यांची, तू जन्म दिलास म्हणून तुझी, मी नंबर लावला आणि घर सोडलं म्हणून माझी. आपण सगळे किंमत सांगून माल मागायला आलेलो. त्या पोरीला या किमतींचा वीट आला आहे, आणि तो येणारच होता.

आज ताई नव्या होत्या. येणाऱ्यांची नोंद करताना त्यांनी विचारलं, "मुलीशी नातं काय लिहू?" जिभेवर 'आजी' आलं होतं. म्हटलं, तिला विचारून लिहा, तोवर जागा कोरी राहू द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. नातं सांगितल्याशिवाय बसू देता येत नाही म्हणाल्या, मग मोठ्या बाईंना विचारून आल्या आणि बसू दिलं. राखी आजही आली नाही. मी बसून होते. आतून मुलींच्या पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, त्यात तिचा कोणता ते मला ओळखता आलं नाही. सात वर्षांची असल्यापासून जिला मी वाढवलं, तिचा आवाज.

तुला बोलवायचं म्हणून लिहीत नाही. ती माझी आहे, हे सांगायला येण्याची वेळ तुझी गेली, माझीही गेली. आता आलीस तरी ती बाहेर येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. बहुतेक येणार नाही. अन्नपूर्णाबाईंपुढे ती पोट्टी कोणाची हे खरं सांगून, तिथलं सगळं पणाला लावून इथवर यायचं आणि धुतलेला डबा घेऊन परत जायचं, एवढंच पदरात पडेल. तेवढ्यासाठी येणार असलीस तर रविवारी दुपारी ये. बाकावर दोघींपुरती जागा आहे. नातं विचारलं तर काही सांगू नकोस.

तू आलीस किंवा नाही आलीस, मी तिथे असेन. ती अठरा वर्षांची होईपर्यंत, आणि त्यापुढे ती जिथे जाईल त्या गावात, तिला चालत असेल तेवढ्या अंतरावर.

राखीची,
जयमाला